रंगातला यू, परवान्यातला सी : इंग्रजी मजकूर तपासायची माझी रीत

कुणी इंग्रजी मजकूर तपासायला आणून दिला की मी आधी एकच विचारतो : हा कागद जाणार कुठे? लीड्सच्या विद्यापीठात, टेक्सासमधल्या कंपनीत, मुंबई उच्च न्यायालयात, की पुण्याच्या सरकारी कचेरीत? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगचा निम्मा घोळ हे न विचारल्यामुळेच होतो. लिहिणाऱ्यानं दोन्ही स्पेलिंग कुठे ना कुठे वाचलेली असतात, कॉम्प्युटर आणखी काही सुचवतो, आणि एकाच पानावर वर 'कलर' ब्रिटिश तर खाली 'सेंटर' अमेरिकन उतरतं.

गिरगावातल्या एका छापखान्यात मी इंग्रजी मुद्रितं तपासायचो. कंपन्यांचे वार्षिक अहवाल, डॉक्टरांच्या परिषदांच्या स्मरणिका, कायद्याची पुस्तकं असं काम असायचं. आता डोंबिवलीत घरीच ओळखीतल्या मुलामुलींचे प्रबंध, अर्ज आणि शोधनिबंध बघतो. छापखान्यात तपासायला दोघं बसायचे. कॉपीहोल्डर मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि फसवा शब्द आला की अक्षरं सुटी करून म्हणायचा. दुसऱ्याची नजर मुद्रितावर. खालची स्पेलिंगही मी तशीच सुटी करून देतो आहे. तुम्हीही ती तोंडानं म्हणा. डोळा शब्दाचा आकार ओळखून पुढे सरकतो, जिभेला मात्र प्रत्येक अक्षरावर थांबावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. घोळ घालणाऱ्या शब्दांचे तीन ढीग करा. पहिल्यात एकच शब्द दोन देशांत दोन तऱ्हांनी लिहिला जातो. दोन्ही बरोबर, फक्त एक तऱ्हा धरून राहायचं. दुसऱ्यात ब्रिटिश लोक दोन अर्थांना दोन स्पेलिंग ठेवतात आणि अमेरिकन एकावरच भागवतात. तिसऱ्यात मुळात शब्दच वेगवेगळे आहेत, आणि अदलाबदल झाली तर ती लंडनमध्येही चूक आणि शिकागोतही चूक. लोक तिन्ही ढीग एकत्र कालवतात. मग चूक दाखवली की 'अमेरिकेत असंच लिहितात' हे उत्तर तयार असतं, आणि ते बऱ्याच वेळा खरं नसतं.

पहिला ढीग : एक शब्द, दोन तऱ्हा

सॅम्युअल जॉन्सनचा कोश लंडनमध्ये १७५५ साली निघाला. ब्रिटिश स्पेलिंग स्थिर व्हायला त्याची मोठी मदत झाली. अमेरिकेत नोआ वेब्स्टरनं १८०६ साली छोटा आणि १८२८ साली सुमारे ७०,००० शब्दांचा मोठा कोश काढला. उच्चारात नसलेली अक्षरं गाळावीत आणि नव्या देशाचं लेखन वेगळं दिसावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच्या सगळ्या सूचना काही चालल्या नाहीत. 'टंग' हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहा म्हणाला, ते अमेरिकनांनीही ऐकलं नाही. पण 'कलर'मधला यू गेला, 'सेंटर'ची शेवटची दोन अक्षरं उलटली, 'डिफेन्स'मध्ये सीच्या जागी एस आला, आणि ते टिकलं.

'कलर', 'लेबर', 'ऑनर', 'फेवर', 'बिहेवियर' यांचा शेवट ब्रिटिश तऱ्हेत ओ-यू-आर, अमेरिकनमध्ये ओ-आर. एवढं बहुतेकांना माहीत असतं. चुका होतात त्या या शब्दांपासून पुढे बनलेल्या शब्दांत. 'ह्यूमर'मध्ये यू आहे म्हणून 'ह्यूमरस'मध्येही घातला जातो, आणि ते ब्रिटिश इंग्रजीतही चूक आहे. पुढे ओ-यू-एस किंवा ए-आर-वाय लागलं की ब्रिटिशसुद्धा यू सोडतात : 'ह्यूमरस', 'ग्लॅमरस', 'व्हिगरस', 'ऑनररी'. आपल्याकडे सोसायटीच्या पाटीवर मानद सचिवाच्या हुद्द्यात हा जादा यू कितीतरी ठिकाणी दिसतो. 'ऑनरेरियम' म्हणजे मानधन, त्यातही यू नाही. उलट पुढे 'एबल', 'फुल', 'इट' किंवा 'इंग' असेल तर यू राहतो. म्हणून 'ऑनरेबल', 'कलरफुल', 'फेवरिट' हे ब्रिटिश मजकुरात यूसकटच लिहायचे. 'ग्लॅमर' हा मूळ शब्द मात्र अमेरिकनही सहसा ओ-यू-आर असाच लिहितात.

'सेंटर', 'थिएटर', 'फायबर' ब्रिटिशमध्ये आर-ई, अमेरिकनमध्ये ई-आर. न्यूयॉर्कमधलं वर्ल्ड ट्रेड सेंटर ई-आर. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंग्रजी नावात आणि परळच्या टाटा मेमोरियलच्या नावातही आर-ई. पण 'एकर' हा शब्द अमेरिकन माणूसही ए-सी-आर-ई असाच लिहितो, कारण अक्षरं उलटली तर सीचा उच्चार 'स' होईल. 'मीडिओकर' आणि 'मॅसकर' यांचंही तेच.

जोड-एलसाठी आघात कुठे पडतो ते ऐका. 'ट्रॅव्हल'मध्ये जोर पहिल्या भागावर आहे, म्हणून अमेरिकन 'ट्रॅव्हल्ड'मध्ये एकच एल लिहितात, ब्रिटिश दोन. 'कंट्रोल'मध्ये जोर शेवटी, म्हणून 'कंट्रोल्ड'मध्ये दोन्हीकडे दोन एल. 'कॅन्सल्ड' अमेरिकेत एका एलचं, पण 'कॅन्सलेशन' दोन्हीकडे दोन एलचं. इथे नियम शोधू नका, पाठ करा. मग एक छोटा गट अगदी उलटा चालतो : 'फुलफिल', 'एन्रोल', 'स्किलफुल', 'इन्स्टॉलमेंट'. यांच्यात ब्रिटिश एक एल लिहितात आणि अमेरिकन दोन. 'ब्रिटिश म्हणजे अक्षरं जास्त' असं मनात बसलेला माणूस इथे हमखास अडतो. आधार नोंदणीच्या २०१६च्या नियमावलीच्या इंग्रजी नावात 'एन्रोलमेंट' आहे, त्यात ओनंतर एकच एल. तेवढं डोळ्यांसमोर ठेवलं की हा गट लक्षात राहतो.

आता झेड. 'ऑर्गनाइझ', 'रिअलाइझ' यात झेड दिसला की लोक तो अमेरिकन ठरवून खोडतात. तसं नाही. हा प्रत्यय मूळ ग्रीक, आणि ऑक्सफर्डचा कोश झेडच पसंत करतो. बहुतेक ब्रिटिश वर्तमानपत्रं एस वापरतात, केंब्रिजच्या छापखान्याचा कलही एसकडे. म्हणजे ब्रिटिश मजकुरात दोन्ही चालतात, अमेरिकेत फक्त झेड. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं इंग्रजी नाव बघा : 'लेबर'मध्ये यू आहे आणि 'ऑर्गनायझेशन'मध्ये झेड. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावातही झेड, आणि तिचा बाकी मजकूर ब्रिटिश वळणाचा. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेसाठी अहवाल लिहीत असाल तर झेड काढायच्या भानगडीत पडू नका.

काही शब्दांत मात्र झेड कुठल्याच देशात येत नाही : 'ॲडव्हर्टाइज', 'एक्सरसाइज', 'सरप्राइज', 'सुपरव्हाइज', 'रिव्हाइज', 'कॉम्प्रोमाइज'. इथे हा प्रत्यय नसून ती अक्षरं शब्दाच्या मूळ अंगातली आहेत. म्हणूनच 'सगळीकडे बदला' ही आज्ञा देऊन आय-एस-ईचं आय-झेड-ई करणं धोक्याचं : 'प्रॉमिस' आणि 'अदरवाइज' हेसुद्धा त्यात सापडतात. आणि 'ॲनलाइज' वेगळाच : ब्रिटिश नेहमी वाय-एस-ई, अगदी ऑक्सफर्डसुद्धा, अमेरिकन वाय-झेड-ई.

वैद्यकीय मजकुरात ब्रिटिश ए-ई आणि ओ-ई ठेवतात, अमेरिकन त्यातलं पहिलं अक्षर सोडून नुसता ई लिहितात : 'ॲनिमिया', 'हिमोग्लोबिन', 'पीडिॲट्रिक', 'डायरिया', 'इडिमा'. सूची बघताना हे ध्यानात ठेवा, कारण 'इडिमा' एका पुस्तकात ओखाली सापडेल आणि दुसऱ्यात ईखाली. 'सल्फर' रसायनशास्त्राच्या लेखनात आता एफनंच लिहायचं. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेनं १९९० साली ते स्वीकारलं.

दुसरा ढीग : ब्रिटनमध्ये दोन, अमेरिकेत एक

सगळ्यात जास्त वेळ मी या ढिगाला देतो, कारण इथे चूक झाली तर अर्थ हलतो आणि कॉम्प्युटर बहुधा गप्प बसतो.

'लायसन्स' घ्या. ब्रिटिश तऱ्हेत परवाना हे नाम असेल तर शेवट सी-ई, परवाना देणं हे क्रियापद असेल तर एस-ई. 'प्रॅक्टिस'चंही तसंच : वकिलाची प्रॅक्टिस सी-ई, वकील प्रॅक्टिस करतो तेव्हा एस-ई. अमेरिकेत 'लायसन्स' दोन्ही अर्थांना एस-ई आणि 'प्रॅक्टिस' दोन्ही अर्थांना सी-ई. हो, एकात एस जिंकला, दुसऱ्यात सी. कान इथे मदत करत नाही, कारण दोन्ही रूपांचा उच्चार एकच आहे. म्हणून त्या जागी 'ॲडव्हाइस' ठेवून बघा. सल्ला हे नाम म्हणताना शेवटी 'घास'मधला स येतो, तिथे सी. सल्ला देणं म्हणताना शेवटी 'जागा'मधल्या ज च्या जवळचा आवाज येतो, तिथे एस. वाक्यात ज्याचा आवाज बसेल त्याचं अक्षर घ्यायचं. 'शी हॅज अ लायसन्स' या वाक्यात सल्ल्याचं नाम बसतं, म्हणून सी.

आपल्याकडे भाड्यानं घर देताना जो 'लीव्ह अँड लायसन्स' करार होतो, तो या शब्दाची चांगली कसोटी आहे. ब्रिटिश वळणानं करारातलं 'लायसन्स' सी-ई, पण 'लायसेन्सर' आणि 'लायसेन्सी' दोघांतही एस, कारण ती क्रियापदापासून आली आहेत. 'लायसेन्स्ड'मध्येही एस. एका करारात या तिघांची सरमिसळ नसेल तर तपासणाऱ्यानं काम नीट केलंय असं समजावं. तरी १८८२च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टचं कलम ५२ उद्धृत करत असाल तर तिथला शब्द एसनं छापलेला आहे. तो तसाच ठेवायचा. कायद्याचा मजकूर सुधारायचा अधिकार आपला नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्यात 'ड्रायव्हिंग लायसन्स' सीनं.

'एन्क्वायरी' आणि 'इन्क्वायरी'. साधी विचारपूस ई-एननं, रीतसर चौकशी आय-एननं, असा ब्रिटिश कल. रेल्वे स्टेशनवरची खिडकी ई-एनची आणि चौकशी आयोगांचा १९५२चा कायदा आय-एनचा, म्हणजे भेद आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. अमेरिकेत दोन्हीला आय-एन. खातेनिहाय चौकशीच्या कागदांत आपल्याकडे दोन्ही आढळतात, तेव्हा ज्या नियमांखाली चौकशी चालली आहे त्यांचं स्पेलिंग बघून तेच ठेवा.

'मीटर' : लांबी मोजायचं एकक आर-ई, विजेचं किंवा रिक्षाचं यंत्र ई-आर. अमेरिकेत दोन्ही ई-आर. 'थर्मामीटर' हे यंत्र, म्हणून दोन्हीकडे ई-आर. 'स्टोरी' : इमारतीचा मजला एस-टी-ओ-आर-ई-वाय, गोष्ट एस-टी-ओ-आर-वाय, अनेकवचन मजल्यांचं ई-वाय-एस, गोष्टींचं आय-ई-एस. अमेरिकेत मजलासुद्धा गोष्टीसारखाच. ठाण्या-डोंबिवलीच्या बिल्डरांच्या पत्रकांत याची फार सरमिसळ असते. 'चेक' : बँकेचा सी-एच-ई-क्यू-यू-ई, आपला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, ज्याचं कलम १३८ सगळ्यांना तोंडपाठ आहे, तोही असंच लिहितो. अमेरिकन मात्र बँकेचा चेक आणि तपासणं, दोन्हीला सी-एच-ई-सी-के. 'टायर' गाडीचा टी-वाय, दमणं टी-आय. अमेरिकेत दोन्ही टी-आय. 'प्रोग्राम' : समारंभाचा, टीव्हीचा किंवा सरकारी योजनेचा असेल तर ब्रिटिशमध्ये शेवटी दोन एम आणि ई, पण कॉम्प्युटरचा असेल तर ब्रिटनमध्येही एकाच एमवर संपतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी 'डिपेंडंट' महत्त्वाचा. ब्रिटिश तऱ्हेत आश्रित व्यक्ती ए-एन-टी, 'अवलंबून असलेला' हे विशेषण ई-एन-टी. अमेरिकेत दोन्हीला ई-एन-टी. व्हिसाच्या अर्जासोबत पत्र जोडताना अर्जावर जे छापलं असेल तेच पत्रात लिहा.

आणि 'टन'. इथे स्पेलिंग चुकलं की आकडाच चुकतो. टी-ओ-डबल एन-ई म्हणजे मेट्रिक, १,००० किलो. टी-ओ-एन म्हणजे अमेरिकेत २,००० पौंड, सुमारे ९०७ किलो. जुन्या ब्रिटिश मापात २,२४० पौंड, सुमारे १,०१६ किलो. साखर कारखान्याच्या गाळपाचे आकडे अमेरिकन खरेदीदाराला पाठवताना 'मेट्रिक' हा शब्द पुढे जोडल्याशिवाय पत्र सोडू नका, मग स्पेलिंग कुठलंही असो.

'जजमेंट'बद्दल वकिलांकडून नेहमी विचारणा होते. सर्वसाधारण ब्रिटिश लेखनात जीनंतर ई ठेवतात, पण न्यायालयाचा निर्णय म्हणून हा शब्द ब्रिटनमध्येही ईशिवाय लिहितात. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८च्या, कलम २(९) मध्ये व्याख्या आहे तीही ईशिवाय. न्यायालयीन कागदात ई घालू नका.

तिसरा ढीग : हे कुठेही चूकच

'अमेरिकेत एसच लिहितात' एवढंच शिकलेला विद्यार्थी सल्ल्यालाही एस लावतो. 'ॲडव्हाइस' आणि 'डिव्हाइस' यांतला सी-एसचा भेद अमेरिकनही पाळतात. उच्चार वेगळा आहे ना, मग स्पेलिंगही वेगळंच.

'लूज'चा घोळ मराठी माणसाला कानामुळे होतो, कारण आपण दोन्हीला 'लूज' म्हणतो. ढिला या अर्थी शेवट 'घास'मधल्या स सारखा, आणि त्यात दोन ओ. हरवणं, गमावणं या अर्थी शेवटचा आवाज 'जागा'मधल्या ज च्या जवळचा, त्यात एक ओ. आधी उच्चार सुधारला की स्पेलिंग आपोआप जाग्यावर येतं.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' : परिणाम करणं 'ए'नं, परिणाम 'ई'नं. वाक्यात आधी 'द' किंवा 'ॲन' असेल तर जवळजवळ नेहमीच ई. 'प्रिन्सिपल' : तत्त्व असेल तर शेवट एल-ई, 'रूल' या शब्दासारखा, मुख्याध्यापक किंवा कर्जाची मुद्दल असेल तर ए-एल. बँकेच्या पत्रांत मुद्दलीऐवजी तत्त्व छापलेलं मी पुष्कळ पाहिलंय. 'स्टेशनरी' : लेखनसामग्रीत ई, एन्व्हलपच्या पहिल्या अक्षराचा, थांबलेली गाडी ए-आर-वाय. 'कॉम्प्लिमेंट' : स्तुती किंवा भेट आयनं, पूरक असेल तर ईनं, 'कम्प्लीट'मधल्या ईप्रमाणे. भेटप्रतीवर मारायचा शिक्का त्यामुळे आयचा. 'इट्स'मध्ये वरचा स्वल्पविराम ठेवायचा की नाही, हे ठरवायला तो शब्द 'इट इज' असा फोडून वाचा. वाक्य मोडलं तर विराम काढा.

कामाला बसल्यावर

कागद कुठे जाणार हे कळलं की कॉम्प्युटरला ते सांगा. वर्डमध्ये कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा, रिव्ह्यूमध्ये जा, लँग्वेजमधून प्रूफिंग लँग्वेज उघडा आणि भारत, युनायटेड किंग्डम किंवा युनायटेड स्टेट्स यांतली इंग्रजी निवडा. 'स्पेलिंग तपासू नका' या अर्थाची खूण तिथे असेल तर ती काढा. सगळा मजकूर निवडायला मी मुद्दाम सांगतो, कारण इकडून तिकडून चिकटवलेले परिच्छेद आपापली भाषा सोबत घेऊन येतात, आणि मग एक परिच्छेद अमेरिकन चष्म्यातून तपासला जातो, दुसरा ब्रिटिश.

त्यानंतर कोरा कागद घ्या. मजकूर वाचताना ज्या शब्दापाशी निर्णय घ्यावा लागला तो शब्द वर्णानुक्रमे त्यावर टिपा : झेड की एस, 'प्रोग्राम' कुठला, 'जजमेंट' कसं. दोनशे पानांच्या प्रबंधात चौथ्या प्रकरणात काय ठरवलं ते नवव्या प्रकरणात आठवत नाही. ही यादी प्रबंधाबरोबर विद्यार्थ्यालाही द्यावी, पुढच्या निबंधाला तिला किंवा त्याला कामाला येते.

वाचन एका फेरीत उरकू नका. एक फेरी फक्त पहिल्या ढिगासाठी, तिथे कॉम्प्युटरच्या लाल रेघा बरंच काम करतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगासाठी छापून घ्या आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मोठ्यानं वाचा. 'लायसन्स', 'प्रिन्सिपल' किंवा 'अफेक्ट' आला की अक्षरं सुटी करा.

शेवटची फेरी विशेषनामांची. त्यांना हात लावायचा नाही. ब्रिटिश मजकुरातही पर्ल हार्बर यूशिवाय. ऑस्ट्रेलियात 'लेबर' यूसकट लिहितात, पण तिथल्या लेबर पक्षानं १९१२पासून आपल्या नावातला यू सोडलेला आहे, तोही तसाच ठेवायचा. अमेरिकन मजकुरात आपलं संरक्षण मंत्रालय आलं तर त्याच्या नावात सी राहील. संदर्भसूचीतली पुस्तकांची आणि लेखांची नावं ज्या स्पेलिंगमध्ये छापली आहेत त्याच स्पेलिंगमध्ये, आणि अवतरणांतला मजकूरही.

कधी कधी कुठे पाठवायचं ते ठरलेलं असतं, पण तिथे कुठली तऱ्हा चालते ते सांगायला कुणी नसतं. नियतकालिक असेल तर त्याचे अलीकडचे दोन-तीन अंक उघडून 'बिहेवियर', 'ॲनलाइज' आणि 'सेंटर' हे तीन शब्द शोधा. त्यांवरून तिथली तऱ्हा कळते. मग 'ऑर्गनाइझ' शोधून एस की झेड ते बघा. काहीच सापडलं नाही आणि कागद भारतातच राहणार असेल, तर ब्रिटिश तऱ्हा घ्या. आपली न्यायालयं, बँका आणि मंत्रालयं त्याच तऱ्हेनं लिहितात.